उन्हाळ्यात सशाला बीळ हवं

एप्रिलमध्ये दुपारी तीनच्या सुमारास ठाण्याच्या वर्तकनगरातल्या पश्चिमेकडच्या गॅलऱ्या तापायला लागतात. सूर्य येऊरच्या डोंगराकडे कलतो, ऊन तिरपं होऊन थेट आत शिरतं आणि ग्रीलला हात लावला तर चटका बसतो. म्हाडाच्या जुन्या इमारतींत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना ठाऊक आहे, की सूर्य मावळला तरी स्लॅब रात्री उशिरापर्यंत निवत नाही. नव्या टॉवरमध्ये तेच काम काचेच्या मोठ्या खिडक्या करतात. माणसं पंख्याखाली सरकतात, दोनदा अंघोळ करतात, पन्हं पितात. गॅलरीतल्या पिंजऱ्यात बसलेल्या सशाला यातलं काहीच करता येत नाही, आणि तो ओरडून सांगतही नाही.

सशाला माणसासारखा घाम येत नाही. कुत्र्यासारखं जीभ बाहेर काढून धापा टाकूनही त्याला अंगातली उष्णता फारशी बाहेर टाकता येत नाही, कारण तो नाकानेच श्वास घेणारा प्राणी आहे. त्याच्याकडे साधन आहे ते कानांचं. शरीराच्या एकूण पृष्ठभागापैकी सुमारे १२ टक्के भाग कानांचा असतो. कानांतल्या बारीक रक्तवाहिन्या फुगतात आणि त्यांतून वाहणारं रक्त हवेत निवतं. पण हवाच तापलेली असेल तर कान काय करणार? सशाला १५ ते २१ अंश सेल्सिअस तापमान मानवतं. २८-३० अंशांच्या पुढे त्याला त्रास सुरू होतो. ठाण्यात एप्रिल-मेमध्ये पारा ३५ अंशांच्या आसपास जाणं नेहमीचं आहे, आणि वर खाडीकाठची दमट हवा. २०२४च्या एप्रिलमध्ये तर हवामान खात्याने ठाणे, रायगड आणि मुंबईसाठी उष्णतेच्या लाटेचे इशारे दिले होते. म्हणजे ठाण्यातल्या सशासाठी लाट आली तरच काळजी घ्यायची, असं नाही. मार्चपासून पाऊस सुरू होईपर्यंत जवळजवळ रोजची दुपार त्याच्या मर्यादेपलीकडची असते.

मग हा प्राणी उष्ण प्रदेशात टिकतो कसा? पाळीव सशाचं मूळ स्पेन-पोर्तुगालच्या भूमीत आहे, आणि तिथला उन्हाळाही सौम्य नाही. १८५९मध्ये थॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदाराने ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया प्रांतात शिकारीसाठी दोन डझनांच्या आसपास ससे सोडले. काही दशकांतच ते त्या रखरखीत खंडाच्या मोठ्या भागात पसरले. ऑस्ट्रेलियातलं ऊन त्यांनी अंगावर झेललं नाही, ते जमिनीत गेले. हे ससे बीळ खणतात, दिवस त्या थंड, अंधाऱ्या बोगद्यांत काढतात आणि पहाटे व संध्याकाळी बाहेर पडतात. आपल्या गोष्टींतला, अंगावर पान पडल्यावर आभाळ कोसळलं म्हणून पळणारा ससा वेगळा. तो रानससा. तो येऊरच्या जंगलातही आहे, पण तो बीळ खणत नाही, गवतात दडून बसतो आणि संकट आलं की लांब टांगा टाकत धूम ठोकतो. घरी पाळला जातो तो बिळातला ससा. त्याची उन्हापासूनची सगळी तटबंदी बिळात आहे, आणि फ्लॅटमध्ये आणताना नेमकं तेवढं आपण काढून घेतो. उन्हाळ्यात त्याला सुरक्षित ठेवणं आणि रमवणं या दोन वेगळ्या गोष्टी वाटतात, पण त्याला बिळासारखी जागा दिली की दोन्हींची सुरुवात होते.

पहिलं काम जागेचं. पिंजरा गॅलरीत असेल तर मार्चमध्येच आत घ्यावा. सकाळी सावली असते म्हणून तिथेच ठेवला, नोकरीला निघालो आणि दुपारी ऊन फिरलं, अशीच बहुतेक संकटं येतात. घरातली सगळ्यात गार जागा शोधायची तर दुपारी अडीच ते चारच्या दरम्यान अनवाणी फिरून पाहावं. पायाला जिथे गारवा लागतो तो कोपरा सशाचा. बहुतेक घरांत तो पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या खोलीत, भिंतीलगत निघतो. स्वयंपाकघर नको, तिथे गॅसची धग आणि फोडणीचा धूर असतो. खोलीचं तापमान आणि आर्द्रता दाखवणारा साधा डिजिटल तापमापक त्या कोपऱ्यात जमिनीलगत ठेवावा. माणसाला उभ्याने जे जाणवतं ते सशाच्या उंचीवर तसंच असतं असं नाही, आणि अंदाजापेक्षा आकडा बरा.

आता बीळ. उन्हाळा लागला की रस्त्याकडेला माठवाले बसतात. त्यांच्याकडून रुंद तोंडाचा, रंग न दिलेला मोठा माठ घ्यावा. तोंड इतकं रुंद हवं की ससा आत जाऊन सहज वळून बाहेर येईल. अरुंद तोंडात तो अडकू शकतो. माठ तासभर पाण्यात बुडवून, निथळून, आडवा ठेवायचा आणि गडगडू नये म्हणून दोन्ही बाजूंनी विटा लावायच्या. कड टोकदार असेल तर घासून गुळगुळीत करायची. ओल्या मातीचा गारवा आणि आतला अंधार या दोन्ही गोष्टी सशाला ओळखीच्या वाटतात. पहिल्या दिवशी तो लांबून हुंगेल, दुसऱ्या दिवशी डोकं घालेल. आत ढकलू नये. थोडी कोथिंबीर आत ठेवली की काम होतं.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवायला हवी. विदर्भातल्या कोरड्या उन्हात माठ जितका गार होतो तितका ठाण्यात होत नाही, कारण दमट हवेत पाणी हळू उडतं. याच कारणाने नागपूरकडे घरोघरी दिसणारा, पाणी भरायचा कूलर ठाण्यात फारसा उपयोगी नाही. बंद खोलीत तो दमटपणा वाढवतो आणि सशाला आणखी गुदमरायला होतं. म्हणून माठाच्या जोडीला दुसरी सोय हवी. प्लॅस्टिकच्या बाटलीत तीन चतुर्थांश पाणी भरून ती फ्रीजरमध्ये गोठवावी, जुन्या टॉवेलात गुंडाळावी आणि सशाच्या बाजूला ठेवावी. तो स्वतः तिला टेकून बसतो, नकोसं झालं की सरकतो. अशा दोन बाटल्या आलटून पालटून वापरल्या की दुपार निघते. शहाबादी फरशीचा एखादा तुकडा थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवून त्याच्या कोपऱ्यात मांडला तर ससा त्यावर पोट टेकून आडवा होतो. पिंजऱ्याचा तळ जाळीचा असेल तर फरशीचा आणखी एक फायदा: जाळीने तळपायांना होणाऱ्या जखमा टळतात.

पंख्याबद्दल बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. माणसाला पंख्याने गार वाटतं ते घाम उडतो म्हणून. सशाला घामच नाही, तेव्हा कोरड्या सशावर तापलेली हवा सोडून फारसं काही साधत नाही. कानांवरून ओला हात फिरवला आणि पंखा अंगावर थेट न मारता खोलीत हवा खेळती ठेवली, तर मात्र खरा फरक पडतो. एसी असेल तर २५ अंशांच्या आसपास पुरे, झोत अंगावर येऊ देऊ नये. दुरुस्तीसाठी दिवसभर वीज जाणार असल्याची सूचना आली की आदल्या रात्री दोन बाटल्या जास्त गोठवून ठेवाव्यात.

सशाला दिवसाला वजनाच्या दर किलोमागे ५० ते १५० मिलिलिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात वरच्या आकड्याइतकं किंवा त्याहून जास्त. पिंजऱ्याला अडकवायची नळीची बाटली सोयीची दिसते, पण तिची गोळी अडकते, पाणी तापतं, आणि ससे तिच्यातून पितात त्यापेक्षा पसरट भांड्यातून जास्त पितात. मातीचं जड परळ उत्तम. ते उलटत नाही. अशी दोन ठेवावीत आणि पाणी दिवसातून निदान तीनदा बदलावं.

खाण्यात उन्हाळा म्हणून मोठा बदल करायचा नाही. सशाच्या आहाराचा ८० टक्क्यांहून जास्त भाग वाळलेल्या गवताचा असायला हवा. बाजारात टिमोथी गवत मिळतं. लसूणघास मात्र वाढत्या पिल्लांसाठी ठीक, मोठ्या सशाला तिच्यातलं कॅल्शियम जास्त होतं. भाताचा पेंढा बसायला, लोळायला चांगला, पोषण म्हणून अपुरा. कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा पाला धुवून, पाणी न झटकता द्यावा. पानांवरचं तेवढं पाणीही पोटात जातं. दूर्वा सशांना फार आवडतात, पण सोसायटीच्या बागेतून आणताना तिथे औषध फवारलेलं नाही आणि भटकी कुत्री फिरत नाहीत याची खात्री हवी. यंत्राने कापलेल्या हिरवळीचा ढीग उचलून आणू नये. तो लवकर आंबतो. कलिंगडाच्या सालीचा छोटा तुकडा चालतो. आंबा नको, आणि पोळी, बिस्किट, ब्रेड तर कधीच नको. चित्रांतून घराघरांत पोचलेलं गाजरसुद्धा साखरेने भरलेलं असतं. एखादी चकती पुरते.

आता रमवण्याबद्दल, कारण पुस्तकी सल्ल्यात याच भागाकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. दुपारी ससा निपचित पडलेला दिसला की मुलं त्याला खेळवायला उठवतात. तसं करू नये. पहाटे आणि संध्याकाळी जागा होणं हे त्याच्या रक्तात आहे. मे महिन्यात ठाण्यात सहाच्या सुमारास उजाडतं आणि सात वाजून गेल्यावर मावळतं. सकाळी साडेपाच ते साडेसात आणि संध्याकाळी साडेसातनंतर, हे त्याच्या खेळाचे तास. या वेळात त्याला निदान एका खोलीत मोकळं सोडावं. फरशी गुळगुळीत असेल तर चटई किंवा सतरंजी अंथरावी, नाहीतर पाय घसरून तो पळायचंच टाळतो. मन खूश असलं की ससा पळता पळता हवेत उडी मारून अंगाला पीळ देतो. ती उडी एकदा पाहिलेला माणूस सशाला दिवसभर पिंजऱ्यात ठेवूच शकणार नाही.

खेळणी विकत आणायची फार गरज नाही. ऑनलाइन सामानाचे पुठ्ठ्याचे खोके प्रत्येक घरात येतात. त्यांच्यावरची चिकटपट्टी आणि पिना काढून दोन दारं कापली की खोकं झालं बीळ. दारं दोनच हवीत. एकच दार असलेल्या बोगद्यात त्याला कोंडल्यासारखं वाटतं. तीन-चार खोकी जोडून बोगदा करावा आणि आठवड्याने त्याची दिशा बदलावी. ससा पुन्हा नव्याने सगळं हुंगत फिरतो. खणायची हौस भागवायला जुन्या टबात फाडलेल्या वर्तमानपत्राचे तुकडे किंवा औषध-खत नसलेली किंचित ओलसर माती भरावी आणि आत पुदिन्याची पानं लपवावीत. ओल्या मातीत खणणं म्हणजे त्याचा खेळही होतो आणि पोटाला गारवाही मिळतो. फरशीवर थोडी माती सांडेल, ती सांडू द्यावी.

खाणं वाटीत न देता शोधायला लावणं हा सगळ्यात सोपा उपाय. पुठ्ठ्याच्या नळीत गवत कोंबावं, दोन्ही टोकांतून थोडं बाहेर काढून ठेवावं. कोथिंबिरीची जुडी पिंजऱ्याच्या दारावर अशी टांगावी, की त्याला मागच्या पायांवर उभं राहून ओढावी लागेल. बांबूच्या टोपलीत गवत भरून त्यात हिरवी पानं दडवावीत. टोपली कुरतडली तरी हरकत नाही, रंग आणि तारा नसल्या की झालं. सशाचे दात जन्मभर वाढतात, पुढचे दात आठवड्याला २ ते ३ मिलिमीटर. ते झिजायला गवत हवंच, शिवाय तुतीच्या किंवा पेरूच्या फांद्या द्याव्यात. ज्याला हे काही मिळत नाही तो पिंजऱ्याचे गज चावत बसतो. त्याला लोक खोडकर म्हणतात. तो कंटाळलेला असतो.

ससा कळपात राहणारा प्राणी आहे, एकट्याने तो झुरतो. जोडी ठेवायची तर आधी नसबंदी हवी, कारण मादी महिन्याभरात विते. ओळख करून देणंही हळूहळूच, शेजारी शेजारी ठेवून.

सुट्टीत घरात मुलं असतात, मित्र येतात, प्रत्येकाला ससा मांडीवर हवा असतो. उचललं जाणं सशाला मुळीच आवडत नाही; जंगलात त्याला उचलतो तो शिकारी. घाबरून त्याने जोरात मागचे पाय झटकले तर त्याच्या हलक्या पाठीचा कणा मोडू शकतो. मुलांना एकच नियम शिकवावा: आपण जमिनीवर बसायचं आणि तो आपल्याकडे येईपर्यंत थांबायचं. एकदा का तो मांडीला हुंगून कपाळ पुढे करू लागला, की दोन भुवयांच्या मधे बोटाने हलकेच खाजवावं. तो दात हळुवार घासल्याचा आवाज करेल. तो समाधानाचा असतो. मुलांनाही यात उचलण्यापेक्षा जास्त मिळतं.

मोकळा ससा म्हटला की घराकडे त्याच्या नजरेने पाहावं लागतं. उन्हाळ्यात टेबलफॅन येतो आणि त्याची वायर जमिनीवरून जाते. सशाला ती मुळासारखी दिसते. वायरी पीव्हीसीच्या नळीत घालाव्यात किंवा उंचावरून न्याव्यात. गॅलरीतल्या कुंड्यांत कण्हेर, सदाफुली, मनीप्लँट, डिफेनबाखिया असेल तर त्या त्याच्या वाटेतून हलवाव्यात. या सगळ्या विषारी आहेत. जास्वंदीची पानं-फुलं चालतात. मुंग्यांसाठी ओढायचा खडू आणि डासांची कॉइल सशाच्या खोलीत नको, आणि महापालिकेची धूरफवारणी सुरू झाली की खिडक्या लावून घ्याव्यात.

गच्चीवर किंवा तळमजल्याच्या अंगणात फिरवताना घारी, कावळे, मांजरं यांच्यावर लक्ष हवं. येऊरच्या पायथ्याच्या वस्तीला याहून मोठी जाण ठेवावी लागते. २० फेब्रुवारी २०१९ रोजी पहाटे वर्तकनगरजवळच्या कोरम मॉलमध्ये बिबट्या शिरल्याचं सीसीटीव्हीत दिसलं आणि पुढे तो समतानगरच्या सत्कार रेसिडेन्सी हॉटेलात सापडला. वनविभागाने त्याला बेशुद्ध करून पकडलं. डोंगराकडच्या वसाहतीत उकाडा आहे म्हणून सशाचा पिंजरा रात्री बाहेर ठेवणं त्याच्या जिवावर बेतू शकतं, आणि बिबट्याला घरापर्यंत यायची सवय लावणारंही ठरतं.

आंब्याच्या दिवसांत माश्या वाढतात. सशाची शेपटीखालची जागा ओली किंवा मळलेली असेल तर माशी तिथे अंडी घालते आणि दिवसभरातच अळ्या पडू शकतात. त्या जिवंत मांस खातात; दोन दिवसांत ससा दगावतो. म्हणून रोज संध्याकाळी त्याचा मागचा भाग नीट पाहावा, पिंजऱ्यातलं ओलं गवत दोनदा काढावं, खिडकीला बारीक जाळी लावावी. लठ्ठ आणि म्हाताऱ्या सशांना स्वतःला साफ करता येत नाही; त्यांच्याकडे जास्त लक्ष हवं. लांब केसांच्या सशांना रोज विंचरावं, अंगोरा असेल तर केस कातरून कमी करावेत.

ससा आजार लपवतो. शिकार होणाऱ्या प्राण्याला अशक्तपणा दाखवून चालत नाही. त्यामुळे घरच्यांनी लेंड्यांकडे पाहायला शिकावं. गोल, कोरड्या, भरपूर लेंड्या असतील तर पोट चालू आहे. त्या लहान झाल्या, कमी झाल्या किंवा ससा दहा-बारा तास काही खात नसेल तर सकाळची वाट न पाहता डॉक्टर गाठावा. उकाड्यात पाणी कमी पडून आतडी मंदावणं हे नेहमी घडतं.

ऊन लागल्याच्या खुणा वेगळ्या: कान लाल आणि गरम, श्वास फार जलद, नाकाभोवती ओल, लाळ, अंग सैल. तोंड उघडून श्वास घेऊ लागला तर वेळ फार थोडा आहे. सशाचं नेहमीचं तापमान ३८.५ ते ४० अंश असतं, त्याच्या वर गेलं की जिवाला धोका. लगेच गार खोलीत न्यावं, नळाच्या साध्या पाण्याने कान आणि पाय भिजवावेत, पंखा सुरू करावा, ओल्या टॉवेलवर निजवावं. टॉवेलात गुंडाळू नये. बर्फाचं पाणी किंवा बादलीत बुडवणं टाळावं. त्या धक्क्यानेच ससा दगावू शकतो. एरवीही उन्हाळा आहे म्हणून सशाला अंघोळ घालू नये. तोंडात बळेच पाणी ओतू नये, स्वतः पीत असेल तर द्यावं. हे करत करतच दवाखान्याकडे निघावं.

आणि घरातलं औषध देऊ नये. माणसांसाठीचं अमॉक्सिसिलिन तोंडावाटे दिलं तर सशाच्या आतड्यातले उपयोगी जीवाणू मरतात आणि त्यातून तो जाऊ शकतो. कुत्र्याच्या गोचिडांसाठीचा फिप्रोनिलचा फवाराही सशासाठी जीवघेणा आहे. प्रत्येक पशुवैद्य ससे तपासतोच असं नसतं. आपल्या भागात कोण तपासतं, रविवारी कोण भेटतं, हे मार्चमध्येच विचारून नंबर फ्रीजवर लावावा. परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचं प्राण्यांचं मोठं जुनं रुग्णालय आहे, पण वर्तकनगरहून भर दुपारी परळ गाठेपर्यंत जाणारा वेळ ऊन लागलेल्या सशाकडे नसतो.

मे महिन्यात ठाणेकर गावाला जातात. ससा बरोबर नेण्यापेक्षा शेजाऱ्यांकडे किंवा ओळखीच्यांकडे ठेवणं बरं; मात्र शेजाऱ्यांना आठवडाभर आधी बोलावून पाणी, गवत, लेंड्या, गोठवलेली बाटली हे सगळं हाताने करून दाखवावं. न्यावंच लागलं तर पहाटे निघावं, गाडी आधी एसीने गार करावी आणि हवा खेळणाऱ्या टोपलीत ससा ठेवावा. बंद गाडीतलं तापमान दहा मिनिटांत दहा अंशांनी चढू शकतं, त्यामुळे चहापुरतंही त्याला गाडीत एकटं सोडू नये.

येऊरच्या वाटेवर कधी रानसशाचं पिल्लू एकटं बसलेलं दिसलं तर उचलून घरी आणू नये. त्याची आई दिवसभर दूर राहते आणि संध्याकाळी दूध पाजायला परत येते. रानससा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. तो पाळणं गुन्हा ठरतो. जखमी असेल तर वनविभागाला १९२६ या क्रमांकावर कळवावं.

ज्यांच्या घरी अजून ससा नाही आणि मुलांनी सुट्टीसाठी हट्ट धरला आहे, त्यांना एकच विनंती. ससा आठ-दहा वर्षं जगतो आणि बाजारातल्या पिंजऱ्यातून उन्हात आणलेलं पिल्लू नव्या घरातला पहिला आठवडा काढेलच असं नसतं. आता माठ आणा, गार कोपरा शोधा, डॉक्टर ठरवा, मुलांना जमिनीवर शांत बसायला शिकवा. ससा मात्र ऑक्टोबरचा उकाडा सरल्यावर, दिवाळीनंतर आणा.